पिंजऱ्यातल्या दांड्या: कुठली पायाला मानवते, कुठली पाय बिघडवते

पिंजऱ्यातला पक्षी जवळजवळ सगळा वेळ पायांवर असतो, झोपतोही दांडीवर उभ्यानेच. म्हणून पिंजऱ्यात सगळ्यात निगुतीने निवडायची वस्तू म्हणजे दांडी. आणि नेमकी तीच पिंजऱ्यासोबत मिळाली तशी वर्षानुवर्षं राहते.

ही सोबतची दांडी गुळगुळीत आणि टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीची असते. पक्षी कुठेही बसला तरी पकड तीच, आणि भारही तळव्याच्या त्याच दोन-तीन जागांवर. तिथली कातडी आधी चकचकीत होते, मग लाल, मग पातळ. पुढे खपली धरते आणि खपलीखाली जंतू शिरला की बम्बलफूट, म्हणजे तळवा सुजवणारा संसर्ग. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यामुळे त्याची कातडी मुळातच कमजोर असते. लठ्ठ पक्ष्याच्या तळव्यावर भारही जास्त. तेव्हा दांडी बदलली की काम संपलं असं नाही, पण ती न बदलता केलेले बाकीचे उपाय फारसे टिकत नाहीत.

दांडीवर चढवायची पॉलिश पेपरची खोळ घेऊच नका. नखं आपोआप घासली जातील म्हणून ती विकतात. पण बजीने (बजरीगर, छोटा पोपट) दांडी नीट पकडली की नखांची टोकं दांडीला टेकतच नाहीत, घासला जातो तो तळवा. ज्या दुखण्याची भीती, तेच ही खोळ ओढवून आणते. पिंजऱ्यात असेल तर आजच काढा.

सिमेंटची किंवा प्युमिसची (सच्छिद्र दगडाची) खडबडीत दांडी चालेल, पण एकच. ती नेहमीच्या दांडीपेक्षा जाड हवी, म्हणजे बोटं पसरून नखांची टोकं तिला लागतात. जागा पाण्याच्या वाटीसमोर, जिथे पक्षी मिनिट-दोन मिनिटं थांबतो. पक्षी झोपायला सहसा सगळ्यात उंच जागा निवडतो, तिथे ही दांडी कधीही लावू नये.

दोरीची दांडी मऊ असते आणि दुखऱ्या पायाला खरंच आराम देते. धोका सुटलेल्या धाग्यांचा. लोंबता धागा बोटाभोवती आवळला की रक्त पोचत नाही, बोट सुजतं, काळं पडतं. गिळलेले धागे अन्नपिशवीत साठून राहतात. रोज पाहून सुटलेला प्रत्येक धागा मुळाशी कापायची तयारी असेल तरच ती घ्या. दोरी चावत बसणाऱ्या पक्ष्याला ती देऊच नका.

आमची पसंती सालीसकट नैसर्गिक फांदीला. ती कुठे जाड, कुठे बारीक, कुठे वाकडी असते, आणि पक्षी सरकेल तशी पकड बदलत जाते. बजीला साधारण १ ते २ सेंमी जाडीची फांदी बरी, कॉकटिएलला (बजीपेक्षा मोठा, तुरेवाला पोपट) दीड ते अडीच सेंमी. निवडताना बोटं बघा: पुढची आणि मागची बोटं खालून एकमेकांना भिडता कामा नयेत, घेराचा पाव ते एक तृतीयांश भाग मोकळा दिसायला हवा. पेरूची किंवा तुतीची फांदी चालते. कण्हेर आणि अॅव्होकॅडो मात्र विषारी.

विकतच्या फांदीत लाकडाइतकंच तिच्या बोल्टकडे लक्ष द्या. पोपटवर्गातले पक्षी धातूही कुरतडतात आणि जस्ताचा मुलामा पोटात गेला तर विषबाधा होते. बोल्ट, वॉशर, नट सगळं स्टेनलेस स्टीलचंच हवं. रुंद वॉशर जाळीच्या दोन्ही बाजूंनी बसवा. लाकूड सुकत गेलं की ते आकसतं, नट सैल होतो आणि दांडी गोल फिरते. आठवड्यातून एकदा हाताने हलवून बघा. एका दांडीच्या बरोबर खाली दुसरी लावू नका, विष्ठा तिच्यावर पडते आणि फुटलेल्या तळव्याला तोच संसर्ग होतो. गरम पाणी आणि साबणाने घासून, पूर्ण वाळवूनच परत लावा.

दांडी मानवते आहे का, हे तळवा सांगतो. पक्ष्याला पारदर्शक डब्यात ठेवून खालून टॉर्च मारा. निरोगी तळव्यावर बारीक दाण्यांची नक्षी दिसते. नक्षी पुसून कातडी चमकू लागली असेल, तर दांडी बदलायची वेळ हीच. तोवर झोपायच्या दांडीवर स्वतःच्याच थरांना चिकटणारी बँडेजची पट्टी गुंडाळा आणि मळली की बदला. काळी खपली, सूज किंवा एक पाय सतत उचलून धरणं दिसलं तर पक्ष्यांचा डॉक्टर गाठा. खपली घरी उपटू नका. तेलकट मलमही लावू नका: ते पिसांना लागतं, पिसांची ऊब जाते, आणि पिसं साफ करताना पक्षी ते गिळतो.