चार बाय सहाच्या न्हाणीसाठी गिझर: बोअरच्या पाण्यात काय टिकतं

डिसेंबर-जानेवारीत परभणी, नांदेडकडे पारा दहाच्या खाली उतरला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे पंधरा-सोळा अंशांवर येतं. ज्यांच्या घरी सोलर आहे त्यांनाही ढगाळ दिवशी किंवा शेवटी आंघोळ करणाऱ्याला गिझरची जोड लागतेच. न्हाणीची फरशी फोडून नवं काम काढलंय तर ही जोड आत्ताच ठरवा. टाइल्स बसल्यावर पाइप आणि वायर बदलणं फार महागात पडतं.

दुकानात पहिल्यांदा दाखवतात तो तीन लिटरचा, तीन किलोवॅटचा इन्स्टंट, म्हणजे पाणी वाहतानाच तापवणारा गिझर. जागा कमी, किंमत कमी, म्हणून छोट्या न्हाणीला हाच योग्य असं सांगितलं जातं. आधी हिशोब बघा. सोळा अंशांचं पाणी बेचाळीसवर न्यायचं तर तीन किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम 1.6 ते 1.7 लिटर निघतं, म्हणजे वीस लिटरची बादली भरायला बारा मिनिटं. तीही 230 व्होल्ट मिळाले तर. वॅटेज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतं. सकाळी सगळ्या गल्लीचे गिझर आणि मोटारी एकदम चालू होऊन व्होल्टेज 190 वर आलं, की तीन किलोवॅटचे दोनच उरतात आणि तीच बादली अठरा मिनिटं घेते. लोक मग नळ जास्त सोडतात, पाणी कोमट येतं आणि दोष कंपनीला जातो.

त्याहून मोठी अडचण क्षाराची. बोअरच्या पाण्यातला चुना तापलेल्या कॉइलवर पांढऱ्या पापुद्र्यासारखा बसतो. पापुद्रा जाड झाला की उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते, जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट वारंवार पडतो आणि एक दिवस कॉइलची नळी फुटते. इन्स्टंटच्या छोट्या टाकीत सगळी उष्णता एका जागी एकवटते, त्यात बहुतेक मॉडेलमध्ये अॅनोड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी, नसतो आणि टाकी उघडून साफ करणंही अवघड असतं. नगरपालिकेचं गोडं पाणी आणि दणकट व्होल्टेज असेल तिथे इन्स्टंट ठीक. निव्वळ बोअरवरच्या घरात आम्ही तो सुचवणार नाही.

आमची पसंती पंधरा लिटरच्या, दोन किलोवॅटच्या स्टोरेजला, म्हणजे पाणी आधी तापवून साठवणाऱ्या गिझरला. सोळावरून साठ अंशांना तेवीस मिनिटांत पाणी तयार होतं आणि गार पाणी मिसळून बेचाळीसचं साधारण सव्वा बादली मिळतं. एकट्यादुकट्याला दहा लिटरचा चालेल. चौघांच्या घरात मात्र प्रत्येकाला थांबावं लागेल. घेताना तीन गोष्टी तपासा: आतून काचेचा किंवा इनॅमलचा लेप असलेली टाकी, इनकॉलॉय या सहज न गंजणाऱ्या मिश्रधातूची कॉइल आणि मॅग्नेशियमचा अॅनोड. जड पाण्यात ही अॅनोडची कांडी दरवर्षी काढून बघायची. पेन्सिलीइतकी बारीक झाली असेल तर बदलायची. तेव्हाच फ्लँज (कॉइल धरून ठेवणारं झाकण) उघडतो, म्हणून कॉइल सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून चुनाही काढून घ्या. थर्मोस्टॅट पंचावन्नवर ठेवा. पाणी जितकं जास्त तापेल तितका चुना जास्त बसतो, त्यामुळे पंच्याहत्तरवर ठेवलेला गिझर चुन्यानं लवकर भरतो. ब्रँडपेक्षा सर्व्हिसवाला तुमच्या तालुक्याला येतो का, हे आधी विचारा.

स्टोरेज भिंतीवर बसवताना वजनाचा विचार करा. पाण्यासकट तो पंचवीस किलोच्या आसपास जातो. चार इंची विटांच्या पार्टिशनवर नुसत्या प्लगवर टांगू नका. नऊ इंची भिंत निवडा किंवा आरपार बोल्ट टाकून मागे पट्टी द्या. गरम लाइन गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसी पाइपचीच हवी. साधा पीव्हीसी पाइप मऊ पडून जॉइंटला गळतो. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब टपकतात, ते तापून फुगलेलं पाणी असतं. त्याला बूच मारणारे प्लंबर आहेत. तसं करू देऊ नका, दाब जायला दुसरी वाट नसते. त्या तोटीला छोटी नळी लावून न्हाणीच्या जाळीपर्यंत सोडा.

वायरिंगला दोन किलोवॅटसाठी 2.5 आणि तीन किलोवॅटसाठी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 16 ॲम्पिअरचा पॉइंट, स्विच न्हाणीच्या बाहेर आणि 30 मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच. अर्थिंग कागदावर असून चालत नाही. जमीन सुकली की अर्थचा खड्डाही सुकतो, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून मीटरने मोजून घ्या.

सोलरचं गरम पाणी गिझरच्या आत सोडण्याची जोडणी टाळा. दोन्ही लाइनींना वेगवेगळे बॉल व्हॉल्व्ह द्या. गच्चीपासून बारा मीटर पाऊण इंची पाइप असेल तर गरम पाणी येईस्तोवर सुमारे तीन लिटर गार पाणी वाहून जातं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या माणसाला या तीन लिटरची किंमत सांगायला नको. ते बादलीत धरा, किंवा छोट्या न्हाणीत गिझर शॉवरच्या जवळच्या भिंतीवर घ्या.

गॅस गिझर पाणी झटपट देतो, पण तो चार बाय सहाच्या बंद न्हाणीत बसवूच नका. जळताना ऑक्सिजन संपतो आणि तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अशा न्हाण्यांत माणसं बेशुद्ध होऊन गेली आहेत. लावायचाच तर गॅलरीत किंवा गच्चीच्या पोर्चमध्ये, फक्त गरम पाण्याचा पाइप आत. बादलीतला रॉडही नव्या न्हाणीत नको.

हवा गरम करायला घरातल्या म्हाताऱ्यांसाठी भिंतीवरचा इन्फ्रारेड हीटर चालतो, तोही पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेला, शॉवरपासून लांब आणि उंचावर. फॅन हीटर न्हाणीत नाही. खिडकीच्या जाळीच्या पट्ट्या पूर्ण बंद करायचा मोह होतो. वरची एक उघडी राहू द्या.

मार्चमध्ये गिझर बंद करताना टाकीतलं पाणी खालच्या ड्रेनमधून काढा. दिवाळीनंतर चालू करताना आधी गरम नळातून सलग धार येऊ द्या आणि मगच स्विच टाका. रिकाम्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळते.