ॲडव्हान्स्ड हिअरिंग एड फिटिंगचा कोर्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा रिव्ह्यू लिहायला निमित्त झालं ते प्रोब ट्यूब (पडद्याजवळचा आवाज मोजायला कानात घालायची बारीक नळी) संपल्याचं. किटमध्ये मिळाल्या त्या मोजक्याच. आणखी मागितल्या तर संस्थेचं उत्तर आलं की 'कन्झ्युमेबल फीमध्ये धरत नाही'. फी भरा, वर जीएसटी भरा, मुंबईत राहण्याखाण्याचं बघा, आणि काटकसर कशावर, तर सिलिकॉनच्या नळीवर!

डीएचएलएस किंवा बीएएसएलपी (ऐकण्या-बोलण्याच्या उपचारांचे डिप्लोमा आणि पदवी) झालेल्यांना कोर्सचा आराखडा माहीत असेलच. ऑनलाइन लेक्चर्स उत्तम आहेत, एनएएल-एनएल२ आणि डीएसएल ५ (कुठल्या कानाला किती आवाज वाढवून द्यायचा ते ठरवणारी दोन सूत्रं) यांतला फरक इतका नीट क्वचितच कुणी सांगतं. पण रिअल इअर मेजरमेंट (आरईएम, म्हणजे पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजणं) हे हाताचं काम आहे आणि वर्कशॉपमध्ये दर कानाला एकच ट्यूब. एकदा चुकली की पुढचा नंबर.

चुकतं कुठे, तर ट्यूब किती खोल घालायची त्यात. ट्यूबवरची काळी रिंग पुरुषांसाठी साधारण ३१ मिमी, बायकांसाठी २८ मिमीवर सरकवायची आणि ट्रॅगसखालच्या खाचेशी टेकवायची. टोक पडद्यापासून ५-६ मिमीच्या आत हवं. बाहेर राहिलं तर पडद्यावरून परतणाऱ्या आवाजामुळे कर्व्हला (स्क्रीनवरच्या आलेखाला) वरच्या फ्रिक्वेन्सीत खड्डा पडतो, आणि शिकाऊ माणूस तो मशीनचा, म्हणजे हिअरिंग एडचा, दोष समजून ४ किलोहर्ट्झला गेन (आवाजाची वाढ) चढवत बसतो. पडताळा सोपा आहे: मशीन न लावता उघड्या कानाचा कर्व्ह घ्या. ६ किलोहर्ट्झच्या आसपास तो उणे ५ डेसिबलच्या खाली गेला तर ट्यूब एक-दोन मिमी आत सरकवा. टोकाला मळ लागला तरी वरचा भाग असाच पडतो, म्हणून ओटोस्कोपने आधी कान बघायचा. मशीन किंवा मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला साचा) बसवताना ट्यूब आत ढकलली जाते, तेव्हा रिंग बोटाने धरून ठेवा. हे सगळं स्लाइडवर आहे, पण हातात बसायला ट्यूब लागतात. एकाची धुऊन दुसऱ्याला वापरणं तर सोडाच.

दुसरी अडचण ओपन डोमची (मशीनच्या टोकाला बसणारी, कान मोकळा ठेवणारी मऊ टोपी). डोममधून बाहेर गळणारा आवाज कानाजवळचा रेफरन्स माइक टिपतो, चाचणीचा स्पीकर जास्त वाजतोय असं समजून सिस्टीम त्याला कमी करते आणि स्क्रीनवर गेन कमी दिसतो. तुम्ही वाढवता, मशीन शिट्टी मारायला लागतं. उपाय: स्टोअर्ड इक्वलायझेशन. मशीन कानात पण म्यूट, तसंच कॅलिब्रेट करायचं, मग अनम्यूट. तेवढा वेळ पेशंटने मान हलवायची नाही. हा धडा कोर्सने फार छान घेतला, त्याचे पैसे वसूल.

इथे मत बदलावं लागतंय. आरईसीडीचं (खऱ्या कानातल्या आणि कपलरमधल्या आवाजातला फरक मोजण्याचं) मॉड्यूल हे लहान मुलांच्या सेंटरचं काम, नाशिकच्या क्लिनिकला काय करायचंय, असं सुरुवातीला वाटलं होतं. वापरात तेच सगळ्यात कामी आलं. मुलाच्या कानात मोल्डसकट एकदाच माप घ्यायचं, पुढचं सगळं फाइन ट्यूनिंग टेस्ट बॉक्समध्ये २ सीसी कपलरवर (कानाच्या जागी वापरायची ठरावीक मापाची पोकळी). मूल रडत नाही, ट्यूबही वाचते. मोल्ड नवा झाला की आरईसीडी पुन्हा, एवढं मात्र विसरायचं नाही. दोन तारे ठरवले होते, ते यामुळे साडेतीन.

एक गोष्ट कोर्सने सांगायला हवी होती. मापाच्या वेळी वाजवतात तो आयएसटीएस सिग्नल सहा भाषांमधल्या बायकांचे आवाज तुकडे करून जोडलेला आहे, त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही. आजोबा मान डोलावतात आणि म्हणतात, "बाई काय म्हणते काही कळेना, हे मशीन नको." आधीच सांगून ठेवा की समजायचं नाहीये, नुसतं शांत बसायचंय. आणि गणपतीआधी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी ५५ डेसिबलचं (हळू बोलण्याच्या पातळीचं) माप घेऊच नका, ते पेशंटचं नाही, ढोलाचं निघेल. सकाळची वेळ द्या.

सर्टिफिकेटबद्दल विचारणारे बरेच असतात. अमेरिकेत आधी राज्याचा परवाना, अनुभवानंतर बीसी-एचआयएसची (हिअरिंग एड तज्ज्ञांच्या बोर्ड सर्टिफिकेटची) परीक्षा, त्याहून पुढे ऑडिओप्रोस्थॉलॉजीचा (हिअरिंग एड फिटिंगचा) अभ्यासक्रम, अशी वाट आहे. वाचायला छान, पण आपल्याकडे काम करायचा हक्क आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषदेच्या) नोंदणीतून मिळतो, त्या कागदांनी नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एकच विचारा: सीआरईचे (आरसीआयच्या निरंतर शिक्षणाचे) गुण मिळतात का, आणि मंजुरीचा कागद दाखवता का. 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर धरू नका. कंपन्यांची फुकट ट्रेनिंग त्यांच्या सॉफ्टवेअरपुरती चांगली, पण तिथे फर्स्ट फिट (सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली पहिली सेटिंग) टार्गेटला चिकटलेला दिसतो तो सरासरी कानावर. खऱ्या कानात ३-४ किलोहर्ट्झला तो बरेचदा कमी भरतो, ते कुणी दाखवत नाही.

क्लिनिकमध्ये आरईएमचं मशीन नसेल तर सध्या हा कोर्स घेऊ नका, शिकलेलं महिन्याभरात जाईल. मशीन असेल तर वर्कशॉपला जाताना त्याच मॉडेलच्या ट्यूबचं पाकीट घेऊन जा. दुसऱ्या कंपनीच्या ट्यूब बसतीलच असं नाही, आणि ट्यूब बदलली की ती माइकसमोर धरून नव्याने कॅलिब्रेट करावी लागते.