कार्पसाठी कोणती रिग? आधी तळ, मग गळ

कार्प मासा धरायला निघालेला नवा गडी विचारतो, "हेअर रिग चांगली की रॉनी?" (रिग म्हणजे दोरीच्या टोकाची गळ-आमिषाची बांधणी.) जुना खेळाडू त्यालाच उलट विचारतो, "पाण्याखाली काय आहे?" ऐकणाऱ्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय. पण खरंच, तळ माहीत नसेल तर त्या पहिल्या प्रश्नाला उत्तरच नाही. कडक वाळूवर झकास चालणारी रिग गाळात गाडली जाते, आणि गाळासाठी बांधलेली रिग स्वच्छ तळावर विनाकारण अवघड होऊन बसते.

त्याआधी मासा खातो कसा ते पाहू, कारण सगळ्या रिग त्यावरच बेतलेल्या आहेत. कार्पच्या तोंडात दात नसतात, ते असतात घशात. खाताना तो डोकं खाली आणि शेपटी वर करतो, ओठ नळीसारखे पुढे काढतो आणि आमिष, गाळ, बारीक खडे सगळं एका दमात ओढून घेतो. मग तोंडातल्या तोंडात निवडानिवड करून नको ते बाहेर थुंकतो. त्या थुंकण्याच्या क्षणी गळ वळून खालच्या ओठात रुतला तर मासा आपला. नाही रुतला तर काठावरच्या माणसाला कोणी येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही.

हेअर रिग: पहिली शिका, शेवटी सोडा

1980 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी आमिष गळावर खोचायचं बंद केलं आणि गळाखाली वेगळ्या धाग्यावर लोंबतं ठेवलं. सुरुवातीला त्यासाठी खरोखरच माणसाचा केस वापरला होता, म्हणून नाव हेअर रिग. गळाचं टोक उघडं राहतं, आमिष मोकळं हलतं, आणि माशाने ते ओढलं की मागोमाग गळही आत जातो.

बांधायला नॉटलेस नॉट पुरते. दोऱ्याच्या टोकाला छोटा फासा, त्यावर आमिष आणि ते निसटू न देणारा स्टॉपर, मग दोरा गळाच्या डोळ्यातून घेऊन दांडीभोवती सात-आठ वेढे आणि पुन्हा मागच्या बाजूने डोळ्यातून बाहेर. अंतर मात्र नीट राखायचं: आमिष आणि गळाचा बाक यांच्यात अर्धा ते एक सेंटिमीटर फट हवी. आमिष बाकाला चिकटलं की गळाला वळायला जागा उरत नाही. फार लांब सोडलं तर आमिष तोंडात आणि गळ ओठाबाहेर अशी गत होते.

कडक माती, वाळू, बारीक खडी असा तळ असेल तर हिच्याइतकी सरळ रिग दुसरी नाही. 6 नंबरचा गळ (नंबर वाढला की गळ लहान होतो, हे नव्यांना उलटं वाटतं), 15 ते 20 सेंटिमीटर हुकलिंक (गळाला मुख्य दोरीशी जोडणारा आखूड दोरा), 15 मिलिमीटरची बॉयली (पिठाची उकडलेली गोळी) किंवा मक्याचे दोन-तीन दाणे. मी तर बॉयलीऐवजी वाफ्टर लावतो. वाफ्टर म्हणजे गळाच्या वजनाने जेमतेम तळाला टेकणारं, अर्धं तरंगतं आमिष. गळाचं वजन आमिषानेच तोलून धरलेलं असल्यामुळे माशाने हलकं ओढलं तरी सगळं एकत्र आत जातं.

कमतरता एकच, पण मोठी. तळ घाण असेल तर ही रिग कुजलेल्या पानांत तोंड खुपसून पडते. गळाच्या टोकावर पानाचा तुकडा बसला की रात्रभर बसा, काही होत नाही.

रॉनी रिग: दिसायला किचकट, कामाला चोख

रॉनीत, जिला स्पिनर रिगही म्हणतात, गळ एका लहान स्विव्हलवर (गोल फिरणाऱ्या कडीवर) बसवतात आणि जोडावर श्रिंक ट्यूब, म्हणजे उष्णतेने आकसणारी नळी, चढवून ती वाफेवर आवळतात. गळ पूर्ण गोल फिरतो. दांडीवर दोन रबरी मणी आणि त्यांच्यामध्ये आमिषाचं छोटं स्विव्हल. वर पॉप-अप, म्हणजे तरंगणारी बॉयली. स्विव्हल तळाला टेकलेलं आणि गळ त्याच्यावर दोन-तीन सेंटिमीटर उभा, अशी बैठक असते. त्यामुळे पातळ शेवाळ किंवा विरळ पालापाचोळा असला तरी टोक मोकळं राहतं.

हेअर रिगशी समोरासमोर लावली तर रॉनीचे दोन फायदे ठसठशीत दिसतात. मासा कुठल्याही बाजूने आला तरी गळ त्याच्याकडे वळतो. आणि गळ बोथट झाला तर अख्खी हुकलिंक फेकून द्यावी लागत नाही, गळ तेवढा बदलता येतो. तोटे असे की सामान जास्त लागतं, आणि मणी दोन मिलिमीटर इकडेतिकडे सरकला तरी गळाचा कोन बिघडतो. शिवाय पॉप-अप हळूहळू पाणी पिते. संध्याकाळी ताठ उभी असलेली पहाटे आडवी झालेली मी पाहिली आहे. म्हणून काठाच्या उथळ पाण्यात आधी तपासा, आणि रात्रभर ठेवायची असेल तर जास्त तरंगणारी पॉप-अप निवडा.

थोडक्यात हेअर रिग चुका पोटात घालते, रॉनी घालत नाही. पहिली दहा-पंधरा सत्रं तरी रॉनीच्या नादी लागू नका.

चॉड रिग: गाळ आणि गवत असेल तरच

चॉडची हुकलिंक आखूड, पाचेक सेंटिमीटरची. ताठ फिलामेंटची, वाफ देऊन बाक आणलेली, बाहेर झुकलेल्या डोळ्याच्या गळावर बांधलेली. ती शिशाजवळ (दोरी तळाला नेणाऱ्या वजनाजवळ) जखडलेली नसते. दोन मण्यांच्या मध्ये लीडरवर, म्हणजे मुख्य दोरीच्या शिशाकडच्या मजबूत तुकड्यावर, वरखाली सरकते. शिसं मऊ गाळात हातभर बुडालं तरी हुकलिंक वर सरकते आणि पॉप-अप गाळाच्या माथ्यावर बसते. पाणगवताच्या गादीवरही तसंच.

अशा तळावर हेअर रिग आणि रॉनी दोघीही हार मानतात. पण स्वच्छ तळावर चॉड लावायचं काही कारण नाही. बांधायला कटकटीची, दोरी सैल सोडावी लागत असल्याने इशारा उशिरा मिळणारी, आणि चुकीची बांधली तर माशाच्या जिवावर उठणारी रिग आहे ही. वरचा मणी जोर लागताच निघून यायलाच हवा. मुख्य दोरी तुटली आणि मणी घट्ट राहिला, तर मासा शिसं ओढत फिरेल. हाताने ओढून मणी सुटतो का, हे पाण्यात टाकण्याआधी बघायचं. मला यात तडजोड मान्य नाही.

मेथड फीडर आणि झिग

मध्यम आकाराचे भरपूर मासे असलेलं तळं, स्वच्छ तळ आणि दिवसभर हात चालता ठेवायची हौस असेल, तर मेथड फीडर. चपट्या फीडरवर (खाद्य धरून ठेवणाऱ्या वजनावर) ओलसर पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याचे दाणे, साच्यात दाबून बसवायचे आणि आठ-दहा सेंटिमीटरच्या हुकलिंकवर छोटं आमिष त्यातच लपवायचं. मासा ढीग उपसता उपसता आमिषही गिळतो. खोल गाळात मात्र फीडरच बुडतो.

झिग अगदी वेगळी. कडक उन्हात मासे तळ सोडून मधल्या पाण्यात फिरतात, तेव्हा लांब नायलॉनवर तरंगणारा फोमचा तुकडा त्यांच्या उंचीवर धरायचा. खोलीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. मासा जाळ्यात घेताना ती लांब हुकलिंक फार छळते, तेव्हा सोबतीला कोणी असेल तर बरं.

शिसं कसं लावायचं

रिगवर तासभर चर्चा करणारे लोक शिशाबद्दल एक वाक्य बोलत नाहीत. खरं तर गळ रुतवण्याचं निम्मं काम शिसंच करतं. मासा डोकं उचलतो, शिशाचं वजन गळावर येतं, टोक टोचतं आणि मासा बिथरून पळतो. पळण्याच्या त्या झटक्यात गळ पक्का होतो. काठावरून वेगळा झटका मारायची गरज उरत नाही.

सगळ्यांत उपयोगी लीड क्लिप. 85 ते 100 ग्रॅमचं शिसं तिच्यावर बसतं आणि कुठे अडकलं तर सुटून पडतं. इनलाइन शिशात दोरी शिशाच्या पोटातूनच जाते, त्यामुळे वजन थेट गळाला भिडतं आणि गळ जास्त जोरात टोचला जातो. गुंताही कमी होतो. पण मऊ तळात शिसं हुकलिंकचं टोक सोबत खाली ओढतं. हेलिकॉप्टर पद्धतीत शिसं सगळ्यांत खाली, आणि हुकलिंक त्याच्या वर दोरीभोवती गोल फिरते. लांब फेकीसाठी हीच, कारण हवेत शिसं पुढे आणि हुकलिंक मागे राहते, गुंता जवळपास होत नाही. गाळात वरचा मणी हातभर वर सरकवून ठेवला की हुकलिंकही वर राहते.

कडक तळ आणि जवळची फेक असेल तर माझी निवड इनलाइन. काही माहीत नसेल तर लीड क्लिप. लांब किंवा गाळात, हेलिकॉप्टर.

तळ ओळखायचा कसा

गळ न लावता नुसतं शिसं फेका. दोरी ताणून धरा आणि शिसं तळाला टेकतं तो क्षण काठीत जाणवू द्या. 'टक्' असा ठणठणीत धक्का म्हणजे खडी किंवा कडक माती. मऊ 'थप्प' म्हणजे गाळ. धक्काच आला नाही, दोरी हळूच ढिली पडली, तर खाली गवत. मग सावकाश ओढा. काठीच्या टोकाला बारीक थरथर आली तर खडी, लोण्यातून सुरी ओढल्यासारखं सरकलं तर वाळू किंवा गुळगुळीत माती, उचलताना चिकटून मग सुटलं तर गाळ. वर आलेलं शिसं हातात घेऊन वास घ्या. गाळाला कुजकट वास येत असेल तर मासे तिथे सहसा चरत नाहीत, जागा बदला.

एवढं कळलं की बहुतेक निर्णय आपोआप होतात. 'टक्' आला तर हेअर रिग आणि वाफ्टर. 'थप्प' आला पण थर पातळ वाटला तर रॉनी, हुकलिंक 20 ते 25 सेंटिमीटर. काहीच जाणवलं नाही तर चॉड, किंवा खरं सांगू, पाच-सहा फेकी करून गवतातली एखादी मोकळी जागा शोधा आणि तिथे हेअर रिगच टाका.

बांधल्यावर तीन गोष्टी तपासा

पहिली, टोक. गळ नखावर हलकेच ठेवून ओढा. घसरला तर बोथट, लगेच पकडला तर चालेल. खडीवरून एकदा ओढलेला गळ पुन्हा तपासल्याशिवाय टाकू नये.

दुसरी, वळण. हुकलिंक तळहातावर आडवी ठेवून स्विव्हलच्या बाजूने हळू ओढत न्या. बोटांच्या कडेवरून जाताना गळ उलटून कातडीला टोचू पाहत असेल तर रिग बरोबर. नुसताच घसरत गेला तर डोळ्यावर तिरप्या कापलेल्या श्रिंक ट्यूबचा तुकडा बसवून पुन्हा बघा. वेढे किती घेतले यावरही वळण अवलंबून असतं. वेढे बाकाच्या दिशेने जितके खाली जातील, तितका केस गळाला वेगळ्या जागी धरतो. टोकाच्या समोर येईपर्यंत वेढे घ्या, हा सोपा हिशोब.

तिसरी, गाठ. आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून गरम होते आणि नायलॉन तिथेच कमजोर पडतं.

आणि गुंता. एका रात्री सहा तास मी गळ न हलवता बसलो होतो, आजूबाजूला मासे उसळ्या मारत होते आणि माझा अलार्म गप्प. पहाटे ओढून पाहिलं तर हुकलिंक मुख्य दोरीला तीन वेढे मारून बसलेली, गळ शिशाच्या मागे अडकलेला. फेक करताच ते झालं असणार. दोष रिगचा नव्हता, मऊ विणलेल्या दोऱ्याची (ब्रेडेड) हुकलिंक मी जोरात फेकली होती. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. शिसं पाण्याला टेकण्याआधी रिळावर बोट ठेवून दोरी किंचित रोखतो, म्हणजे हुकलिंक शिशापुढे सरळ पडते. आणि गळाच्या टोकावर विरघळणाऱ्या फोमचा एक चुरगळलेला तुकडा खोचतो. तो रिगसोबत खाली जातो, टोकाला कचऱ्यापासून जपतो, आणि मिनिटाभरात सुटून पांढऱ्या ठिपक्यासारखा पाण्यावर येतो. तो ठिपका दिसला की मी काठी स्टँडवर ठेवतो. दिसला नाही तर पुन्हा फेकतो.