उंदरांवरचे दोन प्रयोग: मोबाइलसाठी कोणता, टॉवरसाठी कोणता?

सांगलीत गच्चीवर टॉवर बसवायचा विषय निघाला की उंदरांना कॅन्सर झाल्याचा दाखला येतोच. दाखले दोन आहेत, ते वेगवेगळे वाचायला हवेत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने (2018) मोबाइलच्या लहरींचा जोरदार मारा केला: 900 मेगाहर्ट्झ, पूर्ण शरीरावर किलोमागे 1.5 ते 6 वॅट, 10 मिनिटे चालू, 10 बंद, दिवसाला सुमारे 9 तास, 2 वर्षे. नरांत हृदयाच्या श्वानोमाचा (मज्जातंतूंच्या आवरणात होणारी गाठ) स्पष्ट पुरावा मिळाला, माद्यांत तसा नाही. खरी अडचण पुढे आहे. लहरी न दिलेले नर लवकर मेले. अशा गाठी उतारवयात दिसतात, त्यामुळे तुलनाच लंगडी पडते.

इटलीच्या रामाझिनी संस्थेने त्याच वर्षी टॉवरची नक्कल केली: 1.8 गिगाहर्ट्झ, मीटरला 5, 25 आणि 50 व्होल्ट, रोज 19 तास, गर्भापासून मरेपर्यंत, उंदीर 2,448. तीच गाठ लक्षणीय वाढली, पण फक्त नरांत आणि फक्त 50 च्या गटात.

गच्चीच्या वादात दुसराच प्रयोग धरावा. 50 व्होल्ट म्हणजे चौरस मीटरला सुमारे 6.6 वॅट, भारताने 2012 मध्ये 1800 मेगाहर्ट्झला ठरवलेली मर्यादा सुमारे 0.9. मोजणीचा आकडा व्होल्टमध्ये आहे की वॅटमध्ये, हे आधी विचारा: व्होल्ट दुप्पट झाले की वॅट चौपट होतात.