स्टिकर ३६ चा, ब्रेकर १६ चा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या पॅनलसाठी घेतलेला एमसीसीबी (शॉर्टसर्किट झालं की वीज तोडणारा मोठा ब्रेकर) जुना, नवं स्टिकर चिकटवलेला निघाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मेंटेनन्स किंवा खरेदी सांभाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मोटर ४५ किलोवॉटची, स्टार-डेल्टा (आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू होऊन मग डेल्टावर जाणारी), नेमप्लेटवर ८० अँपिअर. मोटरला जास्त लोडपासून वाचवणारा ओव्हरलोड रिले पॅनलमध्ये वेगळा आहे, म्हणून ब्रेकर फक्त शॉर्टसर्किटसाठी हवा होता: १०० अँपिअर, मोटर ड्यूटी (मोटरसाठीचा), मॅग्नेटिक-ओन्ली (फक्त शॉर्टसर्किटच्या मोठ्या करंटला ट्रिप होणारा), ३६ केए (३६ हजार अँपिअरपर्यंतचा करंट तोडू शकणारा). ऑर्डरवर हे शब्दन् शब्द लिहिलं होतं. ३६ केए कशासाठी? आमचा ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीएचा, इम्पीडन्स (करंटला आतला अडथळा) ५ टक्के. ४१५ व्होल्टला त्याचा फुल लोड करंट साधारण १३९० अँपिअर, त्याला ०.०५ ने भागलं की २८ केएच्या आसपास फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्टसर्किटचा करंट, येतो. पॅनल ट्रान्सफॉर्मर रूमला लागूनच आहे, त्यामुळे केबलमध्ये तो फारसा कमी होत नाही. ब्रेकर त्याहून जास्त केएचा हवा.

अधिकृत डीलरकडे माल यायला वेळ लागणार होता. ठाण्यातल्या एका व्यापाऱ्याने "स्टॉकला आहे, संध्याकाळी पोचवतो" म्हणून सांगितलं आणि पोचवलाही. खोका नवा, स्टिकर स्वच्छ, त्यावर ३६ केए आणि मोटर प्रोटेक्शन असं दोन्ही छापलेलं.

पहिल्याच दिवशी स्टारवरून डेल्टावर जाताना ब्रेकर ट्रिप झाला. त्या बदलाच्या क्षणी करंटचा झटका मोठा असतो. मोटर ड्यूटीच्या ब्रेकरची मॅग्नेटिक सेटिंग त्यासाठीच वर ठेवलेली असते. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, मोटरच जास्त ओढतेय, १६० अँपिअरचा घ्या, बदलून देतो, वरचे पैसे द्या." याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. मोठा ब्रेकर लावला की ट्रिपिंग थांबतं, पण ४५ किलोवॉटसाठी कंपनी जी जोडी देते, म्हणजे ब्रेकर, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणि रिले, ती मोडते. मग शॉर्टसर्किटमध्ये कॉन्टॅक्टर वाचेल याची हमी कोणीच देत नाही. कामगार त्या पॅनलसमोर उभा असतो.

आम्ही ब्रेकर काढून टेस्टिंगला दिला. तिथे १३० अँपिअर सोडून ठेवले आणि काही वेळाने तो पडला, म्हणजे ट्रिप झाला. इथेच सगळं उघडं झालं. आयएस/आयईसी ६०९४७-२ प्रमाणे थर्मल (जास्त करंटने तापून ट्रिप करणारा भाग) असलेला १०० अँपिअरचा ब्रेकर १३० ला दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे. मॅग्नेटिक-ओन्ली मात्र एवढ्या करंटला पडायचं कारणच नाही. म्हणजे आत थर्मल असलेला, साधा डिस्ट्रिब्यूशनचा (वीजवाटपाचा) ब्रेकर होता. स्टिकर गरम हवेने सोडवलं तर खाली मूळ छपाई: १६ केए. टर्मिनलच्या तांब्यावर जुन्या लगचे (केबलच्या टोकाला बसवतात त्या धातूच्या तुकड्याचे) वळ होते, कव्हरच्या स्क्रूंची खाच झिजलेली होती. भंगारात निघालेल्या पॅनलमधला माल, धुऊन पुसून विकलेला.

मला खरी भीती वाटते ती १६ केएची. ट्रिपिंगमुळे निदान संशय तरी आला. ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे हे केए, मात्र रोजच्या वापरात कधीच दिसत नाही. वर्षानुवर्षं ब्रेकर चालू-बंद होत राहतो आणि ज्या दिवशी खरा फॉल्ट येतो त्या दिवशी तो करंट तोडण्याऐवजी फुटू शकतो. झटका थोडा कमी असता, तर हा ब्रेकर आजही तिथेच बसलेला असता.

पैसे परत मागितले तेव्हा व्यापाऱ्याने बिल पुढे केलं. त्यावर फक्त "एमसीसीबी १०० अँपिअर, १ नग" एवढंच. केए नाही, कॅटलॉग नंबर नाही, सिरियल नंबर नाही. "बिलाप्रमाणे माल दिलाय." आमच्यासारख्या धंद्यासाठीच्या खरेदीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार सहसा मिळत नाही, म्हणून पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि ज्या कंपनीचं नाव वापरलं तिलाही ब्रेकरच्या फोटोंसकट कळवलं आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

आता आमच्याकडे माल गेटवर आला की आधी बिलावर पूर्ण कॅटलॉग नंबर, केए आणि सिरियल नंबर आहे का ते बघतात. सिरियल नंबर कंपनीकडून पडताळून घेतात आणि आयएसआय मार्क असेल तर त्याखालचा लायसन्स नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकतात. टर्मिनलवर टॉर्च मारून लगचे वळ शोधतात. यातली एक जरी गोष्ट जुळली नाही किंवा वळ दिसले तर गाडी तशीच परत जाते, ब्रेकडाउन असलं तरी.