हजेरीचं अ‍ॅप आणि घराभोवतीचं वर्तुळ : वर्षभराहून जास्त वापरानंतर

मागच्या पगारात माझ्या मदतनीस बाईंचे एका दुपारचे तास आलेच नाहीत, म्हणून हे लिहायला बसले. काम पूर्ण झालं होतं. फिजिओथेरपीला नेणं, तिथे व्हीलचेअरवरून पलंगावर आणि पुन्हा खुर्चीत घेणं, बाथरूमला नेणं, सगळं त्यांनी केलं. परतीच्या वाटेवर माझी बहीण सोबत होती, म्हणून बाईंनी ड्युटी संपवल्याचं बटण दवाखान्याच्या दारातच दाबलं. घरापासून लांब दाबलेलं बटण, म्हणून अ‍ॅपने ती भेट लाल करून बाजूला टाकली. दुरुस्ती मंजूर होईपर्यंत पगाराची तारीख उलटून गेली. त्यांच्या घरभाड्याची तारीख कुणासाठी थांबत नाही.

अमेरिकेत मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि अपंग लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, पैशातून ज्यांना घरी मदतनीस मिळतो, त्यांना ईव्हीव्ही, म्हणजे मदतनिसाच्या भेटीची ही इलेक्ट्रॉनिक हजेरी, काय आहे ते सांगायला नको. आमच्या राज्याने जे अ‍ॅप दिलंय त्याबद्दल बोलते. अ‍ॅपचं आणि पगाराचं काम बघणाऱ्या संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या राज्यात अ‍ॅप वेगळं असेल, पण हा त्रास तिथेही असू शकतो.

आधी जे चांगलं आहे ते. आल्यावर एक बटण, जाताना एक बटण, मग केलेल्या कामांवर खुणा: अंघोळ, कपडे, जेवण, ट्रान्सफर (म्हणजे पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर घेणं). बाई दोन दिवसांत सरावल्या. नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्ये राहते आणि नंतर आपोआप जाते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सिग्नल अजिबात येत नाही, त्यामुळे हे फार उपयोगी पडलं. फोन बाईंचा स्वतःचा आहे, डेटाचे पैसेही त्यांच्याच खिशातून जातात. म्हणून लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरताना फक्त’ अशीच ठेवायला मी सांगितलं. ते पुरतं. दिवसभर मागावर राहायची अ‍ॅपला गरज नाही, येताना आणि जाताना नोंद झाली की झालं.

रात्रीची ड्युटी बारा वाजता मोडून दोन नोंदी होतात, ही कटकट आहे. पण चालवून घेते.

चालवून घेता येत नाही ते वर्तुळ. माझ्या नोंदवलेल्या पत्त्याभोवती अ‍ॅपने एक अदृश्य रिंगण आखलंय, आणि त्याच्या बाहेर दाबलेलं प्रत्येक बटण म्हणजे ‘अपवाद’. अपवाद म्हणजे यादीतून कारण निवडा, शेरा लिहा, मग माझी मंजुरी, मग संस्थेची मंजुरी. यादीत ‘नेटवर्क नव्हतं’ आहे, ‘फोन बंद पडला’ आहे, ‘बटण दाबायचं राहिलं’ आहे. ‘मी बाहेर गेले होते’ नाही. बिघाड झाला किंवा कुणी विसरलं, एवढ्याच शक्यता यादी बनवणाऱ्यांना सुचल्या. अपंग माणूस घराबाहेर पडतो, हे त्यांच्या डोक्यातच आलेलं नाही.

बाहेर कशाला, घरात बसूनही नोंद बाद व्हायची. सिमेंट-लोखंडाच्या इमारतीत जीपीएस भरकटतं. मागच्या खोलीत बटण दाबलं तर अ‍ॅपच्या मते आम्ही पलीकडच्या गल्लीत असायचो. मग बाई आधी खिडकीपाशी जायच्या, निळा ठिपका जागेवर येईपर्यंत थांबायच्या आणि मग माझ्याकडे यायच्या. तोवर मी पलंगावर पडून वाट बघायचे.

संस्थेला फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘कायद्याने बंधनकारक आहे.’ म्हणून कायदाच वाचला. डिसेंबर २०१६ चा ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी क्युअर्स अ‍ॅक्ट, कलम १२००६. त्यात सहा गोष्टींची नोंद मागितली आहे: सेवा कोणती, कोणाला दिली, कोणी दिली, कोणत्या तारखेला, कुठे, आणि किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपली. वर्तुळ त्यात कुठेही नाही. जीपीएसची सक्ती नाही, हे मेडिकेड बघणाऱ्या केंद्रीय खात्याने, सीएमएसने, स्वतःच सांगितलंय. उलट त्याच कलमात म्हटलंय की यंत्रणा कमीत कमी जाच करणारी असावी, ती ठरवताना सेवा घेणाऱ्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं मत घ्यावं, आणि सेवा ज्या पद्धतीने दिली जाते तिच्यात आडकाठी येऊ नये. शिवाय हा नियम घरी येऊन दिलेल्या सेवेसाठी आहे. भेटीचा थोडा भाग घरी आणि थोडा बाहेर असेल तर नोंद करावी लागते, हे मान्य. पण ‘कुठे’ या प्रश्नाला ‘दवाखान्यात’ हे खरं उत्तर आहे. खरं उत्तर दिल्यावर लाल खूण का?

राज्यांना घाई का होती तेही कळतं. वैयक्तिक देखभालीसाठीची मूळ मुदत जानेवारी २०१९ ची होती, ती जानेवारी २०२० झाली, पुढे बहुतेक राज्यांनी आणखी वर्षभराची सवलत मागून घेतली. यंत्रणा उभी केली नाही तर केंद्राकडून येणाऱ्या वाट्यात कपात, पाव टक्क्यापासून वाढत एक टक्क्यापर्यंत. आणि न झालेल्या भेटींची बिलं लावणारे लोक आहेत, ही काही कल्पना नाही. केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१२ मध्येच या सेवेतल्या गैरप्रकारांवर अहवाल दिला होता. सरकारी पैसा आहे, हिशेब द्यायलाच हवा. मला हिशेब द्यायचाच आहे.

माझं मत बदललं ते याच जागी. सुरुवातीला मी या सगळ्या यंत्रणेच्याच विरोधात होते. मग एकदा संस्थेच्या हिशेबात बाईंचे तास कमी लागले. कागदी टाइमशीटच्या काळात अशा वेळी त्यांचा शब्द विरुद्ध संस्थेचा शब्द, आणि जिंकायची संस्थाच. या वेळी आम्ही अ‍ॅपमधल्या आल्या-गेल्याच्या वेळा दाखवल्या आणि पैसे पुढच्या पगारात आले. फार वाद झाला नाही. त्या दिवसापासून मी ‘अ‍ॅप बंद करा’ म्हणणं सोडलं. वेळेची पक्की नोंद मदतनिसाला वाचवते.

त्यानंतर एक अपडेट आलं, त्यात घराखेरीज आणखी पत्ते नोंदवायची सोय आहे. मी लगेच दवाखाना आणि वाचनालय टाकले. दवाखान्याचा पत्ता मंजूर होतोय तोवरच ती वरची दुपार अडकली. आता तिथली खूण लाल होत नाही. पण पुढच्या आठवड्यात मैत्रिणीकडे जायचं असेल तर? मतदानाला? माझ्या प्रत्येक जाण्यायेण्याची आगाऊ यादी मी का द्यावी? १९९९ च्या ओल्मस्टेड निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपंगांना विनाकारण निवासी संस्थांमध्ये ठेवणं हा भेदभाव ठरवला. त्यांना समाजात राहता यावं, हाच त्याचा अर्थ. समाजात राहणं म्हणजे चार भिंतींत राहणं नव्हे.

यातला सगळ्यात वाईट भाग टक्केवारीचा. हाताने दुरुस्त केलेल्या नोंदी किती, हे काही राज्यं मोजतात, आणि प्रमाण वाढलं की सेवा देणाऱ्यांवर कारवाई होऊ शकते. म्हणजे मी जितकी बाहेर पडेन, तितकी माझ्या बाईंची नोंद ‘नियमबाह्य’ दिसणार. मध्यंतरी त्या मला म्हणाल्या, ‘आज बाहेर नको जाऊया, मागच्या वेळचंच अजून सुटलं नाही.’ त्यांची चूक नाही. पण मी त्या दिवशी घरीच राहिले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता काम कसं निभावते ते सांगते. घरातल्या ड्युटीसाठी अ‍ॅपऐवजी छोटं ठोकळ्यासारखं यंत्र मागून घेतलंय. ते घरातच चिकटवलेलं असतं, बटण दाबलं की आकडे दाखवतं, तेच नंतर नोंदवायचे. जीपीएस भरकटण्याचा प्रश्नच मिटला. लँडलाइन असेल तर फोनवरून हजेरी लावायची सोयही बऱ्याच ठिकाणी आहे, मागा. मदतनीस तुमच्याच घरात राहत असेल तर तुमच्या राज्याने त्यांना सूट दिली आहे का ते विचारा. अशी सूट द्यायची मुभा राज्यांना आहे, पण आपणहून कुणी सांगत नाही. प्रत्येक लाल नोंदीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. तक्रार लेखीच करा, फोनवरच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही.

वेळेच्या नोंदीसाठी चार तारे, वर्तुळासाठी शून्य. मिळून दोन देते. कारणांच्या यादीत ‘सेवा घराबाहेर दिली’ हा पर्याय टाकावा आणि तो निवडल्यावर नोंद दुरुस्ती म्हणून मोजू नये, अशी लेखी मागणी मी राज्याच्या मेडिकेड कार्यालयाकडे पाठवली आहे. पोच आली आहे, उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन.