बशांची फुलं करताय? मग गोंदात काटकसर नको (क्लिअर सिलिकॉन सीलंटचा रिव्ह्यू)

जुन्या बशा, काचेच्या ताटल्या, कान तुटलेले कप असलं सगळं एकावर एक चिकटवून बागेसाठी फुलं नाहीतर मनोरे करायचे असतील तर बाकी सामान घरातलंच निघतं, विचार करून विकत घ्यायची वस्तू एकच, चिकटवायला काय वापरायचं ती. मी क्लिअर सिलिकॉन सीलंट वापरते. बाथरूमच्या, खिडकीच्या फटी भरायला मिळतं ना तेच, साधारण 280-300 मिलीचं नळकांडं येतं, गनमध्ये घालायचं आणि दाबायचं. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कापला कारण वेळ फार खातं.

आधी बाकीच्यांचं बोलून टाकू. इन्स्टंट ग्लू जोडताना फार भारी वाटतो, लगेच घट्ट, पण वाळला की ठिसूळ होतो आणि काचेवर सारखा ओलावा बसत राहिला की सुटतोच. ग्लू गनच्या कांड्या उन्हात मऊ पडतात, त्या बाहेरच्या कामाला नकोच. दोन ट्यूब मिसळून करायचं इपॉक्सी ताकदीला जबर, त्यात वाद नाही, पण ते ताठ असतं. दुपारी काच तापते, चिनीमाती तिच्या हिशोबानं तापते, रात्री दोन्ही गार होतात, रोज थोडं फुगणं थोडं आकसणं चालूच, आणि मधलं इपॉक्सी काही हलायला तयार नसतं, मग एक दिवस बघावं तर वरची डिश गवतात आणि गोंदाची चकती खालच्या डिशला जशीच्या तशी. शिवाय साधं इपॉक्सी उन्हानं पिवळं पडतं आणि पारदर्शक काचेतून ते दिसतंच दिसतं. सिलिकॉन वाळल्यावर रबर होतं, दोन्ही बाजूंची ओढाताण सहन करतं, ऊन-पाण्याचं त्याला फारसं काही वाटत नाही. खरी गंमत ही आहे.

पण ट्यूबवर नीट वाचून घ्या हं. 100% सिलिकॉन असं लिहिलेलं हवं. शेजारीच तशाच दिसणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटच्या ट्यूब असतात, त्यावर 'सिलिकॉनयुक्त' वगैरे छापलेलं असतं, ते पाण्यात मिसळलेलं असतं, भिंतीच्या भेगांना आणि वरून रंग मारायला ठीक, डिशेसना नाही.

आता वेळेचं. ट्यूबवर 24 तास लिहितात आणि लोक दुसऱ्या दिवशी फूल उचलून बागेत खोचतात. हे 24 तास म्हणजे उघड्यावरच्या पातळ थराचे, दिवसाला साधारण 2-3 मिलिमीटर आत वाळतं असं धरा. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन वाळतं आणि दोन चकचकीत डिशेसच्या मधे हवा जाणार कुठून? मी मुद्दाम एक जोडी पातळ सुरी घालून उघडून पाहिली, बाहेरून कड मस्त रबरी, नखानं दाबली तरी खळगा पडत नाही, आणि मधोमध अजून चिकट गोळा, उघडल्याबरोबर व्हिनेगरचा वास भसकन नाकात. त्यामुळे मी आता गोल कडं पूर्ण बंद करत नाही. तुटक तुटक रेषा मारते, मधे वाटा ठेवते, डिश ठेवून किंचित फिरवून दाबते, वर काहीतरी वजन, आणि आठवडाभर तिकडे बघायचं नाही. कोरड्या हवेत आणखी थांबा. राहिलेल्या वाटा नंतर बाहेरून भरून टाकायच्या म्हणजे आत पाणी साचत नाही.

तो व्हिनेगरचा वास येतो तो ॲसिटॉक्सी प्रकार, वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतो. काच आणि चिनीमातीला उत्तम. पण फुलाच्या मधे पितळेचा झाकणाचा तुकडा, तांब्याची वाटी, जुना आरसा असलं काही लावणार असाल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेली, म्हणजे वाळताना हे ॲसिड न सोडणारी ट्यूब घ्या, नाहीतर धातूवर हिरवट डाग येतात आणि आरशाची मागची चांदी खराब होते. दोन्ही प्रकार दिसायला सारखेच, म्हणून परत सांगते, वाचून घ्या.

चिकटवण्याआधी साबणानं धुवायचं, पूर्ण वाळवायचं आणि मग स्पिरिटनं पुसायचं, पुसल्यावर त्या जागी बोट लावायचं नाही. ग्लेझ, म्हणजे डिशवरचा चकचकीत थर, फार गुळगुळीत असेल तर पॉलिश पेपरनं थोडं ओलं करूनच घासा, कोरडं घासलं की धूळ उडते आणि ती छातीला चांगली नाही, मास्क लावाच. जुन्या रंगीत डिशेसच्या ग्लेझमध्ये कधीकधी शिसं असतं, त्यामुळे असल्या डिशेसचं पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं करू नका. बुरशीरोधक लिहिलेलं सिलिकॉनही पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्याला नको, त्यातलं बुरशी मारणारं औषध पाण्यात नको, त्यासाठी ॲक्वेरियमचं वेगळं मिळतं.

मला खरा राग आहे तो टोपणावर. मी घेतलेल्या ट्यूबची नोझलवरची कॅप नावापुरतीच, आतला माल नोझलमध्ये दगड होऊन बसतो आणि अर्धी ट्यूब वाया. उपाय सोपा आहे, काम झालं की नोझलच्या तोंडात एक लांब स्क्रू पिळून ठेवायचा, पुढच्या वेळी तो ओढला की वाळलेला तुकडा त्याच्याबरोबर बाहेर येतो. आणि नोझल कापताना तिरकं कापा, भोक बारीक ठेवा, मोठं कापलं की काचेच्या डिशमधून सगळा राडा दिसतो.

भोक पाडून नटबोल्टनं जोडावं का, असं बरेच जण विचारतात. पाडता येतं, पोकळ डायमंड बिट, कमी स्पीड, सतत पाणी, हॅमर मोड बंद, आणि सुरुवात तिरकी करून मग सरळ. पण टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेच्या आणि ओपल (दुधी पांढऱ्या) काचेच्या डिशला ड्रिल लावायचंच नाही, एका क्षणात चुरा होतो. त्यापेक्षा मागे एक रिकामी अरुंद तोंडाची बाटली सिलिकॉननं चिकटवा आणि ती बाटली जमिनीत ठोकलेल्या सळईवर उलटी घाला, भोकाची भानगडच नाही, पाहिजे तेव्हा फूल उचलून धुताही येतं. बाटली मात्र डिशच्या मध्यावरच हवी, थोडी सरकली तरी वाऱ्यात फूल गरगर फिरत बसतं.

मनोऱ्यात कप सरळ ठेवले की पाणी साचतं आणि डासांना आयतं घर मिळतं, म्हणून कप उलटे लावा किंवा आडवे. काचेचे खोलगट बाऊल आणि चकाकते स्टीलचे वाडगे वाळक्या पाल्याजवळ भर उन्हात ठेवू नका, ऊन एका ठिकाणी गोळा होऊन पाला पेटू शकतो. सोनेरी कड असलेल्या डिशेस बाहेर फार दिवस छान दिसत नाहीत, ते सोनं ग्लेझच्या वर असतं, निघून जातं. साध्या मातीच्या, आतून सच्छिद्र डिशेस पाणी पितात, कडक थंडीत ते पाणी गोठलं की तडा जातो, पोर्सेलीन बरंच टिकतं.

आणि एखादी डिश सुटलीच तर जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन मारू नका, ते एकमेकांना धड चिकटत नाही. ब्लेडनं जुनं सगळं खरवडून काढा, स्पिरिटनं पुसा आणि मग पहिल्यापासून लावा.